ड्रॅगन कशावर बसला आहे?

१/
ड्रॅगन म्हटले की पंख पसरून आग ओकणारा एक अजस्र सरडा डोळ्यांपुढे उभा राहतो. हे चित्र आपल्यापर्यंत आले ते इंग्रजी चित्रपट, मालिका आणि खेळांतून. त्यामुळे हा प्राणी पूर्णतः परका, असे आपण गृहीत धरतो. परंतु त्याच्या नावात जो धातू दडलेला आहे, त्यापासून झालेले शब्द आपण रोज उच्चारतो. आजच्या धाग्यात या कल्पित प्राण्याची खरीखुरी जडणघडण पाहू. ज्यांना स्वतःचा ड्रॅगन कागदावर उतरवायचा आहे, त्यांच्या हाती या इतिहासातून काय लागते, तेही शेवटी पाहू.

२/
इंग्रजीतला 'ड्रॅगन' हा शब्द लॅटिन आणि फ्रेंचमार्गे ग्रीक 'द्राकोन'वरून आला. द्राकोन म्हणजे मोठा साप. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचा संबंध 'पाहणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदाशी जोडतात, आणि त्या क्रियापदाचे संस्कृतातले सख्खे भावंड म्हणजे 'दृश्' हा धातू. दृष्टी, दर्शन, दृश्य हे शब्द त्याचेच. सापाला पापण्या नसतात. त्याचे डोळे कधीच मिटत नाहीत. द्राकोन म्हणजे टक लावून पाहणारा.

३/
नावाला शोभेल असेच काम ग्रीक कथांनी त्याला दिले. कोल्खिस देशातल्या सोनेरी लोकरीवर न झोपणारा द्राकोन पहारा देतो. हेस्पेरिदींच्या बागेतली सोन्याची सफरचंदे लादोन राखतो. काद्मॉसच्या कथेत तो पाण्याच्या झऱ्याशी बसलेला आहे. या प्राण्यांना पंख क्वचितच असतात. त्यांचे बळ विषात आणि वेटोळ्यांत आहे. रूप साधे, पण भूमिका पक्की: तो कशावर तरी बसलेला असतो आणि ते कोणाला देत नाही. तो कशावर बसला आहे, हा प्रश्न हाती धरूनच पुढे जाऊ.

४/
हाच प्रश्न ऋग्वेदाला विचारला, तर उत्तर मिळते: पाण्यावर. पहिल्या मंडलातल्या बत्तिसाव्या सूक्तात इंद्र वृत्राला मारतो आणि कोंडलेल्या नद्या समुद्राकडे धाव घेतात. वृत्राचे दुसरे नाव 'अहि', म्हणजे सर्प. 'वृत्र' हा शब्द 'वृ' धातूपासून आलेला, अर्थ झाकणे, अडवणे. नावच सांगते की हा अडवणारा आहे. त्याच्याजवळ सोने नाही, आग नाही. पर्वताशी पडून त्याने प्रवाह रोखला आहे, एवढाच त्याचा अपराध. आणि कोरड्या पडलेल्या प्रदेशात याहून मोठा अपराध कोणता?

५/
वृत्र म्हणजे नेमके काय, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. यास्काने 'निरुक्त'मध्ये दोन मते नोंदवली आहेत. नैरुक्त म्हणतात, वृत्र म्हणजे मेघ. ऐतिहासिक म्हणतात, तो त्वष्ट्याचा पुत्र असुर. एका पक्षाला ते निसर्गाचे रूपक वाटते, दुसऱ्याला खरे पात्र. राक्षसाला राक्षस म्हणून वाचायचे, की त्याचा 'खरा अर्थ' काढून बाजूला ठेवायचा? विसाव्या शतकात एका इंग्रज प्राध्यापकाला हाच वाद पुन्हा घालावा लागला. त्याची गोष्ट पुढे येईल.

६/
संस्कृत 'अहि'चे अवेस्तातले रूप 'अझि'. तिथे तीन तोंडांचा अझि दहाक आहे. फारसीतला 'अझदहा' त्याचाच वंशज. फिरदौसीच्या 'शाहनामा'त तो खांद्यांवर साप उगवलेला जुलमी राजा झहाक होतो. 'वृत्रहन्' या इंद्राच्या विशेषणाचे इराणी जुळे रूप 'वेरेथ्रघ्न'. तिथे सर्प नाही, 'प्रतिकार मोडणारा' एवढाच अर्थ उरतो. त्याच शब्दाचे पुढे 'बेहराम' झाले. मुंबईतल्या चार आतश बेहरामांच्या नावात हा प्राचीन शब्द आजही नांदतो आहे. कॅल्व्हर्ट वॉटकिन्स यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात आयर्लंडपासून भारतापर्यंतच्या काव्यांतून सर्पवधाचे हे एकच सूत्र शोधले आहे.

७/
आता दिशा उलटी करू. ग्रीक आणि रोमन लोकांना ड्रॅगनचा देश कोणता वाटत असे? भारत! इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनीने लिहिले की भारतातले ड्रॅगन हत्तींना विळखा घालतात आणि कोसळणाऱ्या हत्तीखाली स्वतःही चिरडून मरतात. तिसऱ्या शतकात फिलोस्ट्रॅटसने अपोलोनियसच्या भारतप्रवासाचे वर्णन करताना मैदानातले ड्रॅगन आणि डोंगरातले ड्रॅगन असे प्रकारही पाडले. पराका नावाच्या नगरीत ड्रॅगनांच्या पुष्कळ कवट्या जपून ठेवल्या आहेत, असेही तो सांगतो.

८/
ही निव्वळ थाप होती का? एड्रिएन मेयर या संशोधिकेने २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या कवट्यांसाठी एक अनुमान मांडले: हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्या. तिथे लुप्त प्राण्यांच्या जीवाश्मांचे प्रचंड साठे आहेत. १८३० च्या दशकात फॉल्कनर आणि कॉटली यांनी तिथूनच जिराफाच्या कुळातला एक महाकाय प्राणी शोधला आणि शिवाच्या नावावरून त्याला 'शिवथेरियम' म्हटले. असली शिंगधारी कवटी पावसात दरडीतून बाहेर डोकावली, तर पाहणाऱ्याने तिला काय नाव द्यावे?

९/
ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्ट शहरात या तर्काला दगडी पुरावा आहे. तिथल्या चौकात सुमारे १५९० साली घडवलेला ड्रॅगनचा पुतळा उभा आहे. त्याच्या डोक्यासाठी मूर्तिकाराने जी कवटी आधाराला घेतली, ती चौदाव्या शतकात सापडली असे सांगतात; शहरवासी तिला ड्रॅगनचीच मानत. पुढे अभ्यासकांनी ती ओळखली: हिमयुगातल्या लोकरी गेंड्याची. लुप्त प्राण्याचे रूप हाडावरून उभे करण्याच्या जगातल्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांत या पुतळ्याची गणना होते. निष्कर्ष चुकला, पण रीत शास्त्रीयच होती.

१०/
चीनमध्ये अशा हाडांना 'ड्रॅगनची हाडे' म्हणत आणि औषध म्हणून ती कुटून देत. त्याच औषधी हाडांवर कोरलेली अक्षरे १८९९ मध्ये वांग यिरोंग या विद्वानाच्या ध्यानात आली, असे सांगितले जाते. त्यातून शांग राजवटीची लिपी उजेडात आली. मात्र चिनी 'लोंग' हा पाऊस देणारा, राजसत्तेशी जोडलेला, बहुधा मंगल प्राणी आहे. युरोपियनांनी त्याला 'ड्रॅगन' म्हटले आणि दोन निराळे प्राणी एकाच नावाखाली आले. वृत्र पाणी अडवतो, लोंग पाणी देतो. दोघांची कातडी सारखी दिसली, तरी स्वभाव विरुद्ध आहेत.

११/
युरोपात मात्र त्याची वाट काळोखाकडे गेली. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात सात डोक्यांचा लाल ड्रॅगन हा साक्षात सैतान आहे. त्यानंतर ड्रॅगन मारणे हे संतांचे कर्तव्य झाले. तेराव्या शतकात याकोबुस दे वोराजिने याने संकलित केलेल्या संतचरित्रांमुळे संत जॉर्ज आणि ड्रॅगनची कथा घरोघरी पोहोचली. या चौकटीत ड्रॅगनला मन नाही, इतिहास नाही. तो पाप आहे आणि मरण्यासाठीच आला आहे. कथाकाराच्या दृष्टीने हा त्याचा सर्वांत गरीब अवतार.

१२/
समृद्ध अवतार उत्तरेत घडत होता. 'बेओवुल्फ' हे जुन्या इंग्रजीतले ३१८२ ओळींचे काव्य. त्याचे इसवी सन १००० च्या आसपासचे एकच हस्तलिखित उरले आहे. २३ ऑक्टोबर १७३१ रोजी लंडनच्या अ‍ॅशबर्नहॅम हाउसमधल्या ग्रंथसंग्रहाला आग लागली. हस्तलिखिताच्या कडा होरपळल्या, काही अक्षरे गळून पडली, पण काव्य वाचले. आज जगभर ओळखला जाणारा अग्निमुख ड्रॅगन ज्या काव्यातून आला, ते स्वतःच आगीतून कसेबसे बाहेर आलेले आहे.

१३/
कथा अशी. नष्ट झालेल्या एका वंशाचा शेवटचा माणूस आपले धन जमिनीत ठेवून मरतो. ड्रॅगन ते शोधतो आणि तीनशे वर्षे त्यावर बसतो. एक पळालेला दास त्यातला एक प्याला चोरतो. एक प्याला हरवला म्हणून ड्रॅगन रात्री उडत जाऊन वस्त्याच्या वस्त्या जाळतो. पन्नास वर्षे राज्य केलेला वृद्ध बेओवुल्फ त्याच्याशी लढतो. सारे साथीदार पळतात, विग्लाफ एकटा थांबतो. ड्रॅगन मरतो, राजाही मरतो आणि ते धन पुन्हा मातीत जाते.

१४/
ड्रॅगन धनावर का बसतो? त्याला सोने खाता येत नाही, खर्चता येत नाही. याचे उत्तर त्या समाजाच्या रचनेत आहे. जर्मॅनिक टोळ्यांत राजाचे मोठेपण दानावर मोजले जाई. काव्यात राजाला 'कडी वाटणारा' म्हणत. योद्ध्याची निष्ठा आणि राजाचे औदार्य या एकाच नाण्याच्या दोन बाजू होत्या. धन फिरत राहिले तर समाज टिकतो. थांबले तर मोडतो. म्हणून साठवून ठेवणारा हा त्या जगातला परमशत्रू, आणि ड्रॅगन म्हणजे उलटा राजा: सर्व काही असलेला आणि काहीही न देणारा.

१५/
नॉर्स परंपरेने एक पाऊल पुढे टाकले. 'व्होल्सुंग सागा'तला फाफ्निर जन्माने ड्रॅगन नाही. शापित धनासाठी तो बापाला मारतो, भावाला वाटा नाकारतो, त्या धनावर जाऊन पडतो आणि हळूहळू तसाच होतो. सिगुर्ड त्याच्या वाटेत खड्डा खणून खालून वार करतो. मरता मरता फाफ्निर बोलतो, सावध करतो. ड्रॅगनला वाचा आहे, कारण तो कधीतरी आपल्यासारखाच होता. स्वीडनमध्ये रामसुंड येथील खडकावर ही कथा अकराव्या शतकात कोरलेली आजही पाहता येते.

१६/
हे वाचताना महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावच्या वाचकाला ओळखीचे काही आठवेल. पडक्या वाड्यात पुरलेल्या हंड्यावर भुजंग बसलेला असतो; तो म्हणजे त्या वाड्याचा कंजूष मालकच, धनात जीव अडकून सापाच्या जन्माला आलेला. फाफ्निरचीच ही मराठी आवृत्ती. आणि ही केवळ आजीची गोष्ट राहिलेली नाही. गुप्तधनाच्या शोधापायी घडणाऱ्या अमानुष प्रकारांचा उल्लेख महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत करावा लागला. कल्पित प्राण्याचा लोभ खरा असतो.

१७/
सतराव्या शतकापर्यंत युरोपात ड्रॅगन प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत होता. आल्द्रोव्हांदीचा साप आणि ड्रॅगनांवरचा जाडजूड ग्रंथ १६४० चा. १७३५ मध्ये तरुण लिनियसला हॅम्बुर्ग येथे सात डोक्यांचा प्रसिद्ध 'हायड्रा' दाखवण्यात आला. त्याने जबडे पाहून सांगितले की हे मुंगसासारख्या लहान प्राण्याचे आहेत आणि वर सापाची कातडी चिकटवलेली आहे. त्याच वर्षीच्या आपल्या वर्गीकरणग्रंथात त्याने ड्रॅगनलाही 'विरोधाभासी' प्राण्यांच्या यादीत टाकले. शास्त्राने घराबाहेर काढलेल्या या प्राण्याला आसरा दिला तो साहित्याने.

१८/
सुरुवातीला तो आसरा बालवाङ्मयातला होता, आणि थट्टेचा. केनेथ ग्रॅहॅमचा १८९८ चा ड्रॅगन लढायला नाखूश असतो, त्याला कविता आवडतात. १९०० च्या सुमारास एडिथ नेस्बिटने ड्रॅगनांच्या खुसखुशीत गोष्टी लिहिल्या. भय संपले की विनोद सुरू होतो, हे स्वाभाविकच. पण त्यामुळे एक समजही रुजला: ड्रॅगन म्हणजे पोरखेळ, प्रौढ वाचकाचे त्याच्याशी काम नाही.

१९/
हा समज ज्याने मोडला तो जे. आर. आर. टॉल्किन. सातेक वर्षांचा असताना त्याने ड्रॅगनची गोष्ट लिहिली. आईने मजकुरावर काही न बोलता केवळ विशेषणांचा क्रम सुधारला, 'हिरवा मोठा' नव्हे, 'मोठा हिरवा' ड्रॅगन. पुढे ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक झाल्यावर २५ नोव्हेंबर १९३६ रोजी ब्रिटिश अकादमीत त्याने 'बेओवुल्फ'वर व्याख्यान दिले. विद्वान त्या काव्यातून इतिहास, पुरातत्त्व, चालीरीती शोधत आणि राक्षसांना ओशाळून बाजूला सारत. टॉल्किनने सांगितले की राक्षस हेच काव्याचे केंद्र आहे. यास्काच्या काळचा वाद नव्या भाषेत परतला होता.

२०/
दहा महिन्यांनी, २१ सप्टेंबर १९३७ रोजी, 'द हॉबिट' प्रसिद्ध झाले. त्यातला स्माउग सोन्यावर झोपतो, एक प्याला चोरीला गेल्यावर पेटून उठतो (बेओवुल्फ), बोलतो, आणि नायक त्याला आपले खरे नाव कळू देत नाही (फाफ्निर). पोटाकडची उघडी जागाच त्याचा घात करते. टॉल्किनने स्वतःच या नावाचा उगम सांगितला आहे: 'बिळातून घुसणे' अशा अर्थाच्या जुन्या जर्मॅनिक क्रियापदाचा भूतकाळ. महत्त्वाचे हे की ड्रॅगन मेल्यावर कथा संपत नाही. त्याच सोन्यासाठी माणसे, बुटके आणि एल्फ समोरासमोर येतात. ड्रॅगनचा रोग धनातून पसरतो.

२१/
यानंतर दोन लेखिकांनी ड्रॅगनला नव्या जागी बसवले. अ‍ॅन मॅकॅफ्रीच्या पर्न ग्रहावरचे ड्रॅगन (१९६७ पासून) माणसांचे सोबती आहेत; एक विशिष्ट दगड चघळून त्यातल्या वायूने ते आग निर्माण करतात आणि आकाशातून पडणारे संकट जाळतात. अर्सुला ले ग्विनच्या अर्थसी मालिकेत (१९६८ पासून) ड्रॅगन सृष्टीची मूळ भाषा बोलतात. त्या भाषेत माणसाला खोटे बोलता येत नाही, ड्रॅगनला मात्र सत्य वाकवता येते. १९९० च्या 'तेहानू'मध्ये कळते की माणूस आणि ड्रॅगन एकेकाळी एकच होते. हा ड्रॅगन भाषेवर आणि स्वातंत्र्यावर बसला आहे.

२२/
१९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आला आणि ड्रॅगनांची प्रतवारी झाली: लाल आग ओकतो, पांढरा हिम, काळा आम्ल, निळा वीज. खेळाला नियम लागतात, म्हणून हे योग्यच. पण नंतरच्या पुष्कळ लेखकांनी ही कोष्टकेच कल्पनाशक्ती म्हणून उचलली. जॉर्ज मार्टिनने १९९६ पासून निराळा प्रश्न विचारला: एका घराण्याकडेच ड्रॅगन असतील तर राजकारणाचे काय होईल? त्याने स्वतः त्यांची तुलना अण्वस्त्रांशी केली आहे. त्याचे ड्रॅगन सिंहासनावर बसले आहेत.

२३/
आता स्वतःचा ड्रॅगन घडवू पाहणाऱ्यांसाठी. आधी शरीर. चार पाय आणि दोन पंख म्हणजे सहा अवयव. पण कणा असलेल्या कोणत्याही ज्ञात प्राण्याला चारांहून अधिक अवयव नाहीत. पक्षी आणि वटवाघळांनी पंखांसाठी हात खर्ची घातले. एक तोड मात्र निसर्गाने काढली आहे आणि ती गोव्यातल्या माडा-पोफळींवर पाहायला मिळते: पश्चिम घाटातला उडता सरडा. लांबलेल्या बरगड्यांवर ताणलेल्या पडद्याने तो झाडावरून झाडावर तरंगत जातो आणि चारही पाय शाबूत राहतात. त्याच्या प्रजातीगटाला १७५८ मध्ये लिनियसने दिलेले नाव? 'ड्राको'!

२४/
पण शरीर हा सोपा भाग. आजवरचे जे ड्रॅगन टिकले, त्यांच्या मागे एका समाजाचे नेमके भय उभे आहे. नदी अडण्याचे भय होते तिथे वृत्र जन्मला. दानावर उभ्या असलेल्या समाजाने साठेबाज ड्रॅगन कल्पिला. भाऊबंदकीने पोळलेल्यांनी फाफ्निर रचला. पंखांचा रंग आणि ज्वाळेची लांबी ठरवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: तो कशावर बसला आहे? ते मुळात कोणाचे होते? आणि तो मेल्यावर ते कोणाच्या हाती जाईल? तिसऱ्या प्रश्नाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. टॉल्किनने केले नाही.

२५/
मराठीत ड्रॅगन लिहायचा, तर बर्फाळ डोंगरातले सोने उसने आणण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारी माणसे अजून आपल्या घरांत आहेत. टँकरच्या रांगा दर उन्हाळ्यात दिसतात. पाण्यावर बसलेला सर्प आपल्या सर्वांत जुन्या काव्यात आहे, धनावर बसलेला भुजंग आपल्या गावात आहे, आणि कधीतरी माणूस असलेला तो कंजूष मालक आपल्याच वाड्यातला आहे. यांना एकत्र आणून कोणी लिहिले, तर तो ड्रॅगन अनुवादित वाटणार नाही.

तुमच्या गावात भुजंग कशावर बसलेला आहे असे सांगतात? खाली अवश्य लिहा.

(धागा समाप्त)